बाईनं सांगितलेला शेवटचा शब्द

सगळी आळी तिला बाई म्हणायची, म्हणून मीही बाईच म्हणायचो. स्वतःच्या बायकोला बाई म्हणतो, म्हणून कंपनीत माझी टिंगल व्हायची. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. कुणाच्या तोंडून इंग्रजी शब्द निघाला, की तो कुठून आला ते सांगितल्याशिवाय त्याला सोडायची नाही. "शब्दालाही माहेर असतं," म्हणायची.

मी सातवी नापास, भोसरीत लेथवर जन्म गेला. शिफ्टवरून आलो की भाकरी वाढता वाढता शब्द सुरू. मी म्हणायचो, "कालवण गार झालं, बाई." ती हसायची, पण शब्द पुरा करायची. एकदा माझं काम बघून साहेब नाइस म्हणाला. बाई म्हणाली, "पूर्वी नाइस म्हणजे अडाणी, बरं का." मी दुसऱ्या दिवशी ते साहेबाला सांगितलं. आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही.

मागल्या साली तिला पोटाचं दुखणं लागलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "घरी न्या. जबरदस्तीनं भरवू नका." मी ऐकलं नाही. न खाता माणूस जगतो का? पेज करून उशाशी बसायचो. "तोंड उघड. नाटकं नकोत." माझ्यासाठी ती घोट घ्यायची, ओकायची. मी परत पेज करायचो.

एकदा सून म्हणाली, "आईंना बघून लई सॅड वाटतं." बाईनं डोळे उघडले. "सॅड म्हणजे आधी पोट भरलेला, गं. भरलं की माणूस जड होतो. मग मन जड झालेल्यालाही तेच म्हणायला लागले." तिला दम लागला.

मी म्हणालो, "पोट भरलेला कशाला रडेल? घे."

"अहो, माझं भरलंय. एकदा पुरे म्हणू द्या मला."

मी चमचा ओठांत घातला. माझ्याकडं बघत तिनं गिळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेली.

स्मशानातून आलो, तर चुलतभावाच्या घरून कडू घास आला, पिठलं-भाकरी. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, भावकीच आणून भरवते. धाकटा चुलतभाऊ समोर बसला. मी मान फिरवली.

"दादा, असं कसं चालंल? तोंड उघडा."

घास ओठांना लावला त्यानं. मी गिळला. मग पुरे म्हणालो, चांगलं मोठ्यानं म्हणालो.

त्यानं ऐकलं, आणि दुसरा घास मोडला.