पहाऱ्यावरचा पेपर

कर्वेनगरच्या बागेत रोज सकाळी तो माझ्या बाकावर येऊन बसतो. लष्करात हवालदार आहे. घटस्फोट झाल्यापासून घरात झोप लागत नाही, हे त्याने मला हवापाणी सांगावं तसं सांगितलं होतं. बराकीत कोणीतरी पहाऱ्यावर जागं असतं, म्हणून बाकीचे निर्धास्त झोपतात. त्याच्या घरी आता जागं राहणारं कोणी नाही.

"काका, पेपर वाचणार ना अजून?" तो विचारतो. मी हो म्हटलं की पाठ ताठ ठेवूनच डोळे मिटतो. समोर धुकं गवतावरून हळूहळू उठत असतं आणि त्याचा श्वास त्याच लयीत चालतो.

वार्षिक तपासणीत त्याचा रक्तदाब जास्त निघाला. फेरतपासणीतही तसाच निघाला, तर सीमेवर जाणाऱ्या तुकडीतून त्याचं नाव वगळलं जाणार होतं.

"डॉक्टरांना झोपेचं सांगा की," मी म्हटलं.

"कारण विचारतील, काका."

"मग सांगा. घटस्फोट काय जगात तुमचाच झालाय?"

तो हसला आणि झोपी गेला.

फेरतपासणीच्या सकाळी त्याचं डोकं प्रथमच माझ्या खांद्यावर कललं. पेपर संपला होता. पान उलटल्याचा आवाज होऊ न देता मी तो पुन्हा पहिल्यापासून वाचू लागलो. ऊन बाकापर्यंत आलं तेव्हा तो उठला, टोपी नीट केली.

"आज सांगतो त्यांना," तो म्हणाला. "चला काका, तुमची ड्यूटी संपली."

तो फाटकाबाहेर दिसेनासा झाला, तरी मी बसून राहिलो.