आमच्या खिडकीत तिची तुळस

मंडळी, आत्ताच माझ्या मैत्रिणीच्या, नीलिमाच्या वास्तुशांतीहून आले. साडीही बदललेली नाही, आधी इथे लिहायला बसले.

घर पार्सिपनीतलंच. सप्टेंबरमध्ये त्याच घराच्या कॉन्ट्रॅक्टवर आम्ही सही केली होती! नीलिमाला हे माहीत नाही. मलाही तिच्या आमंत्रणातला पत्ता वाचून कळलं.

सही झाल्या झाल्या मी ऑफिसात पेढे वाटले. एजंट म्हणाली, वकील बघून ठेवा. नवरा म्हणाला, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. भांडण नाही, तंटा नाही, वकील कशाला?" मीही मान डोलावली.

इथे न्यू जर्सीत सहीनंतरचे तीन दिवस वकिलांच्या रिव्ह्यूचे असतात आणि तो संपेपर्यंत कोणाचाही वकील कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल करू शकतो, हे आम्हाला कुठे ठाऊक! विकणाऱ्याच्या वकिलाने दुसऱ्याच दिवशी केलं. जास्त चांगली ऑफर आली होती म्हणे.

आज नीलिमा सगळ्यांना सांगत होती, "अगं, घरं बघायच्या आधीच आम्ही वकीलबाई ठरवल्या. पहिल्याच फोनवर विचारलं, रिव्ह्यू किती लवकर संपवाल? त्यांनी एका दिवसात संपवला!"

मी "वा, वा" म्हणत प्रसादाचा शिरा गिळला.

मग पाणी प्यायला किचनमध्ये गेले. सिंकवरची खिडकी मी तुळशीसाठी ठरवून ठेवली होती. तिथे नीलिमाची तुळस होती, मान टाकलेली. गडबडीत पाणी घालायचं राहिलं असणार. भरलेला ग्लास माझ्या हातात होता.

मी तो पिऊन टाकला.

तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा.