आधी तुम्ही

ग्लेनिस नापास झाली ती सौजन्यापायी. स्टिअरिंग धरण्यात जिची हयात गेली ती बाई अडुसष्टाव्या वर्षी शिकाऊ गाडीत बसली, आणि भर रस्त्यात थांबून गल्लीतल्या एका टेम्पोला हात करून म्हणाली, आधी तुम्ही. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता गोंधळ घातला. परीक्षकाने तिथेच फुली मारली. रस्त्यावरचा हक्क आपला असताना विनाकारण वाट अडवली म्हणे.

इंग्लंड युरोपातून बाहेर पडलं त्याची ही फळं. स्पेनमधल्या आल्मेरियाच्या डोंगरातल्या एका गावात तिचं सगळं रीतसर होतं. रहिवासी कार्ड होतं, कर ती स्पेनलाच भरायची, नवरा डेरेक इथल्याच दफनभूमीत होता. फक्त ब्रिटिश लायसन्सची २०२२च्या मे महिन्यात रद्दी झाली. गावात ना दुकान, ना बस. गाडी नाही म्हणजे बाई घरात कोंडलेली. लीड्सहून लेकीने परत ये म्हणून तगादा लावला होता, आणि पुन्हा नापास झाले तर घर विकून येते, असा शब्द ग्लेनिस देऊन बसली होती.

"गाडी तुम्हाला माझ्यापेक्षा बरी येते," ड्रायव्हिंग स्कूलची एन्कार्ना तिला म्हणाली. "पण रस्त्यावर तुम्ही लग्नाला आलेल्या लांबच्या नातेवाइकासारख्या वागता. ताट मांडलंय तर बसा की हो. सारखं आपलं, तुमचं होऊ दे, तुमचं होऊ दे."

"सवय आहे गं."

"सवय कसली. भीती आहे ती. थांबलो नाही तर हे लोक आपल्याला हाकलतील, असं वाटतं तुम्हाला."

ग्लेनिसला ते झोंबलं, कारण ते खरं होतं. इतकी वर्षं ती इथे अंग चोरूनच वावरली होती.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी शहरात बाजार होता. एका गल्लीच्या तोंडाशी, 'थांबा'च्या पाटीपाशी, ओळखीची पांढरी व्हॅन उभी दिसली. हासिंतो पाववाला. रोज गावात पाव घेऊन येणारा हा माणूस सगळ्या बायांशी भांडायचा, ग्लेनिसला मात्र टोपी काढून 'बाईसाहेब' म्हणायचा. आता तिला पाहून त्याने आधीच आभाराचा हात वर केला आणि व्हॅन पुढे काढू लागला.

ग्लेनिसचा पाय आपसूक ब्रेककडे गेला. परीक्षक मागच्या सीटवर, आणि शेजारी बसलेल्या एन्कार्नाला नियमाने बोलायची मनाई. ती बिचारी खिडकीबाहेर बघत राहिली.

"पाळी माझी आहे," ग्लेनिस पुटपुटली आणि तशीच पुढे गेली.

हासिंतोने करकचून ब्रेक मारला आणि खिडकीतून अर्धा बाहेर आला. "ए भवाने, बापाने आंदण दिलाय का गं रस्ता तुला?"

ग्लेनिसचे डोळे भरून आले.

"पुढे बघून चालवा," मागून परीक्षक म्हणाला, पण आवाजात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी निकाल कळला तसा तिने लीड्सला फोन लावला.

"झालीस का पास?" लेकीने विचारलं.

"झाले. आणि ऐक ना, हासिंतोने मला शिवी दिली."

"काय? तक्रार कर त्याची."

"खुळी की काय तू. भर बाजारात दिली, गावातल्या बायांना देतो तश्शी. मी आता इथून हलत नाही बाई."