हक्कसोडीचा कागद

“ह्या बाई पेशंटच्या बहीण आहेत, याला पुरावा काय?” असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली. “आज मंजुरी नाही.”

धाकटा भाऊ शेजारी चाकाच्या खुर्चीत होता. तोंड सुजलेलं. दोन्ही किडन्या गेलेल्या. डायलिसिसची सुई खुपसायला हातावर धड शीर उरली नव्हती. किडनी लवकर बसली नाही तर आशा सोडा, असं त्याच्या डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलं होतं. भावजयीला साखर. जुळली ती माझी.

किडनी द्यायला मंजुरी देणाऱ्या समितीचे, डॉक्टरीणबाई धरून, पाच जण समोर, बाजूला कॅमेरा. पैसे घेतले का, हे तीनदा विचारून झालं होतं. मी म्हटलं होतं, “ह्याच्या घरचा मी चहा घेत न्हाई, पैसं कुठलं घेते!” कुणी हसलं नाही.

अडलं नावाशी. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं आणि घाटघरकडची ती मुलगी संपली. आधार, रेशनकार्ड सगळं आंबेगावच्या, सासरच्या नावाचं. चौथीपर्यंतच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पण ती पोरगी म्हणजे मीच, हे कोण सांगणार? आईबाप गेलेले. सरपंचाचं पत्र दिलं, तर म्हणाले, असली पत्रं कुणालाही मिळतात.

दोन्ही नावं एकत्र लिहिलेला कागद एकच होता, तो मला पाठ होता. वडील गेल्यावर भावाने मला मोटारसायकलवर जुन्नरला नेलं, मिसळ खाऊ घातली आणि जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही घेतली. घरापुरते दोन गुंठे ठेव म्हटलं, तर म्हणाला, “माहेर तोडायचंय का?” आमच्याकडे बहिणी सही करतात. मीही केली. नंतर अकरा वर्षं त्याच्या दारात गेले नाही.

बाहेर व्हरांड्यात मी म्हटलं, “हक्कसोडीचा कागद आण.”

भावजय उसळली. “असला काय कागद न्हाई आमच्याकडं. किडनीच्या नावानं भाताची खाचरं मागायचीत तुमाला, वन्सं.”

“नवरा मरतोय तुझा, आन तू खाचरं राखत बस.”

भाऊ खाली बघत म्हणाला, “आक्का, त्यो कागद नको. साहेब लोक काय म्हणतील मला?”

मेला तरी चालेल, पण लाज झाकली पाहिजे, असा त्याचा हिशोब. मी एसटीने जुन्नर गाठलं. सही घेतली होती त्या कचेरीत तीन खेपा झाल्या. कारकून म्हणाला, “आजी, जमीन परत मागताय? आता लई उशीर झाला.” म्हटलं, “नक्कल दे आन गप बस.”

समितीपुढे दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ती नक्कल शेवटपर्यंत वाचली. बहीण असल्याचं पटलं. पण चेहरा आणखी कडक झाला. भावाला आणि भावजयीला त्यांनी बाहेर काढलं.

“यांनी तुमचा हिस्सा लिहून घेतला. आता किडनीही मागतायत. तुमच्यावर दबाव आहे. खरं बोला.”

तोच कागद आता उलटा पडला. मी नाही म्हटलं असतं तर तिथेच सुटका होती. त्यांनी तसं सांगितलंही : तुमची किडनी चालत नाही एवढंच आम्ही घरच्यांना कळवू.

मी कॅमेऱ्याकडे बघितलं. “दबाव त्या सहीला व्हता. तवा कुणी विचारलं न्हाई, कॅमेरा लावला न्हाई. ह्या सहीला न्हाई.”

“मग का देताय?”

“त्यो मेला तर मी भांडू कुणाशी?”

संमतीचा कागद पुढे आला. मी सावकाश, दोन्ही नावं लिहून सही केली.

ऑपरेशननंतर भावजय त्याच्या खाटेशी बसून राहिली. माझ्या वॉर्डात ती आली नाही. डिस्चार्जच्या दिवशी मी एकटीच आळेफाट्याला उतरून आंबेगावची गाडी पकडली.

भाऊ जगला. मीही जगले.