उन्हं उतरल्यावर खेळू

नलूला मी शेवटचं भेटले तेव्हा ती टीव्हीवर टेनिस बघत होती. परदेशातली कुठलीशी मोठी स्पर्धा होती. खेळ थांबला होता आणि दोघी खेळाडू मानेभोवती बर्फाचे टॉवेल गुंडाळून खुर्च्यांवर बसल्या होत्या. नलूला बोलायला आताशा त्रास होत असे, तरी उशीवरून मान उचलून ती म्हणाली, "बघितलंस? ऊन वाढलं म्हणून थांबवलंय. नियमच आहे म्हणे आता." मग म्हणाली, "अण्णांना दाखवायला पाहिजे होतं हे."

अण्णा म्हणजे तिचे सासरे. त्यांना जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. त्या भेटीनंतर पुढच्याच आठवड्यात नलूची सून माधुरी हिचा सकाळी फोन आला. "काकू, आई गेल्या. झोपेतच." मी गॅसवरचा चहा उतरवला आणि तिथंच ओट्याला धरून उभी राहिले. रडू लगेच आलं नाही. आठवलं ते सिमेंटचं कोर्ट, आणि कडुनिंबाखाली मांडी घालून बसलेली तिशीतली नलू.

आम्ही दोघी सोलापुरात मुलींच्या एकाच शाळेत शिकवत होतो. ती भूगोल, मी गणित. मी शहराच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलणारी, मागच्या अंगणात वडिलांचे माग चालायचे. ती मिरजेची. तिचे वडील रेल्वेत होते आणि रेल्वेच्या कोर्टावर ती लहानपणापासून खेळलेली. लग्न ठरवताना अण्णांनी तिला विचारलं होतं, "काय काय येतं?" त्यावर ही सरळ म्हणाली, "टेनिस येतं. बाकीचं शिकेन." बाकीचं ती फारसं शिकली नाही हे तिच्या हातची आमटी खाल्लेलं कोणीही सांगेल. पण अण्णा वकील असले तरी आधी टेनिसचे वेडे. शहरातल्या एका क्लबचे ते सेक्रेटरी होते. सून घरात आली आणि त्यांना संध्याकाळचा जोडीदार मिळाला. नलूचे यजमान शांत गृहस्थ. ते कोर्टाबाहेर बसून वर्तमानपत्र वाचायचे आणि दोघांपैकी कोण जिंकलं हे कधीच विचारायचे नाहीत.

क्लबचं कोर्ट तेव्हा मुरमाचं होतं. त्याला रोज पाणी मारून रूळ फिरवावा लागे. दुष्काळ पडला, प्यायला पाणी मिळेना, तिथं कोर्टाला कुठून घालणार? धूळ उडायला लागली, भेगा पडल्या. तेव्हा अण्णांनी सगळ्यांच्या मागे लागून सिमेंटचं कोर्ट करून घेतलं आणि दुष्काळ सरल्यावर एक-दोन वर्षांत त्यावर स्पर्धा भरवली. साधीसुधी नव्हे. पुरुषांची आणि बायकांचीही, बक्षिसाच्या रकमेवर खेळून पोट भरणारे खेळाडू मुंबई, मद्रास, बंगळूरहून येणार होते. शहरात तोवर असं काही झालं नव्हतं. बायकांमध्ये नावं कमी पडत होती म्हणून नलूनं नाव दिलं. मला चेंडू आत की बाहेर ते सांगायला रेषेवर बसवलं. "गणित शिकवतेस, रेघ तर दिसेल की तुला," असं अण्णा म्हणाले होते.

शिवरात्र उलटून गेली होती. सोलापूरचं ऊन त्या दिवसांत कसं असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. पुरुषांचे सामने सकाळी आणि संध्याकाळी ठेवलेले, बायकांचे मधल्या वेळी, भर दुपारी. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं... खरं सांगायचं तर मलाही नाही. पहिल्या फेरीत मुंबईची एक मुलगी सामना संपता संपता कोर्टावरच बसली आणि तिला उलट्या झाल्या. नलू दोन सामने जिंकली, पण शाळेत पाय घासत येत होती. तळव्यांना फोड आले होते.

उपांत्य सामना तिचा आणि बंगळूरच्या शैलाचा होता. शैला नावाजलेली, उंच, कमी बोलणारी. घरी धाकटी भावंडं होती आणि खेळावरच तिचं चालायचं, असं तिनं आदल्या दिवशी आम्हाला सांगितलं होतं. दुपारी दोघी कोर्टावर आल्या. पंच उंच खुर्चीवर चढले. नलूनं आपली रॅकेट जाळीला टेकवून ठेवली, सावकाश चालत गेली आणि कडुनिंबाखाली जाऊन बसली.

आधी वाटलं, पाय दुखतोय. अण्णा मांडवातून उठून आले.

"काय झालं सूनबाई?"

"काही नाही. उन्हं उतरल्यावर खेळू."

"अगं, लोक बसलेत."

"कुठं बसलेत, अण्णा?"

अण्णांनी मागं वळून बघितलं. मांडवात पाहुणे आणि कमिटीची मंडळी होती, हातात सरबताचे पेले होते. बाकी खुर्च्या रिकाम्या होत्या. अण्णा म्हणाले, "तू खेळली नाहीस तर तिला पुढं चाल द्यावी लागेल. नियम आहे."

नलूनं मान हलवली. "द्या की."

अण्णांनी शैलाकडे बघितलं. तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं, आणि ती अंतिम फेरीत. ती थोडा वेळ कोर्टावर तशीच उभी राहिली. मग आपली रॅकेट घेऊन आली, नलूच्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "नानू आडल्ल." मीसुद्धा खेळत नाही. अण्णांना कानडी चांगलं कळायचं. वकिलीतली त्यांची निम्मी अशिलं कानडी बोलणाऱ्या अक्कलकोटकडचीच असत.

कमिटीतले एकजण मांडवातून ओरडले, "वकीलसाहेब, घरचं भांडण घरी करा." अण्णांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण नलू शांतपणे म्हणाली, "अण्णा, तुम्ही फक्त एकदा बूट काढून तिथं मधोमध उभे राहा. मग तुम्ही म्हणाल तसं करते."

अण्णा हट्टी माणूस. त्यांनी खरंच बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, आणि धोतर सावरत कोर्टाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. ते किती वेळ उभे होते ते मला सांगता येणार नाही, मला तो फार वाटला. मग ते नेहमीच्या चालीनं परत आले. फक्त कडेच्या गवतावर पाय पडल्यावर एकदा त्यांनी डोळे मिटले. पंचांना म्हणाले, "बायकांचा सामना पाचला. पुरुषांची दुहेरी उद्या सकाळी."

संध्याकाळी कोर्टाच्या कडेला मावायला जागा नव्हती. गिरणीची पाळी सुटली होती. कामगार सायकली भिंतीला टेकवून कठड्यावर चढले होते, माझ्या गल्लीतल्या बायका विड्या वळायचं काम आटोपून मुलांना घेऊन आल्या होत्या. त्यातल्या किती जणींना टेनिस कळत होतं कोण जाणे. पण मराठी, तेलुगू, कानडी, दखनी, सगळ्या भाषांत नलूच्या नावानं हाका चालल्या होत्या. "बाई, मार की जोरात," असं एक आजी सारखी म्हणत होती. नलू हरली. चांगली खेळून हरली. शैलाचा हात फार वरचा होता. दुसऱ्या सेटमध्ये नलूचा एक सुंदर फटका मी बाहेर दिला. तो रेषेवर होता असं ती पुढं जन्मभर म्हणत राहिली आणि तेव्हा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. तो बाहेरच होता. आजही मी तेच सांगेन.

शैला ती स्पर्धा जिंकली. बक्षीस समारंभात तिला सोलापुरी चादर पांघरली, तेव्हा तिनं नलूला ओढून त्याच चादरीत घेतलं. एवढंच गोड झालं. पुढच्या वर्षी अण्णांना सेक्रेटरी केलं नाही. घरच्या सुनेसाठी त्यांनी कार्यक्रम बदलला, असं कमिटीचं म्हणणं. ज्या कोर्टासाठी त्यांनी चपला झिजवल्या, तिथं ते नंतर साधे सभासद म्हणून जात राहिले, आणि नव्या सेक्रेटरीनं बायकांचे सामने पुन्हा दुपारी लावले. एक-दोन वर्षांनी स्पर्धाच बंद पडली.

नलूला याचं फार लागलं होतं. तिला अण्णांची माफी मागायची होती, पण अण्णा विषयच काढू देत नसत. त्यांच्या शेवटच्या आजारपणात ती पायांना तेल लावत बसली होती, तेव्हा तेच म्हणाले, "त्या दिवशी फार भाजलं गं मला. तुम्ही पोरी खेळत कशा होता?" नलूनं मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "माफी मागायची राहूनच गेली बघ," म्हणाली. मी म्हटलं, "त्यांनी मागितली ना."

परवा मी माधुरीला भेटायला गेले. रिक्षातून उतरले तेव्हा टळटळीत दुपार होती. नलूच्या फाटकाबाहेर भिंतीला लागून एक बाक आहे, वर पत्र्याचं छप्पर आणि शेजारी पाण्याचा माठ. म्हातारपणी तिनं तो करून घेतला होता. बाकावर एक फेरीवाला बसला होता. सायकलीवर टॉवेल-चादरींचा गठ्ठा बांधलेला. मला धापा टाकताना बघून तो सरकला.

"बसा की, बाई. हितं कुनी उटवत न्हाय. आतली म्हातारी लई चांगली हाय. ऊन उतरल्याबिगर जाऊच देत न्हाय बगा."

मी बसले. त्यानं माठातलं पाणी पेल्यात ओतून मला दिलं. गार होतं. माधुरीनं सकाळीच भरून ठेवलं असणार.

"लई दिसांनी आलोय मी हिकडं. आजून भाईर आली न्हाय," तो फाटकाकडं बघत म्हणाला. "झोपली आसंल."

मी पेला रिकामा करून माठाशेजारी ठेवला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बंद फाटकापलीकडे माधुरी वाट बघत असेल हे मला ठाऊक होतं, तरी ऊन उतरेपर्यंत मी त्याच्याशेजारी बसून राहिले.