सुभानकाकांचा तेरडा

रावपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत गौरी आणायचं काम सुभानकाकांचं. रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेला, करड्या आवाजाचा माणूस. पण आवाहनाच्या सकाळी शहराबाहेर हरणीच्या मोकळ्या रानात तेरडा उपटताना त्यांचा हात तान्हं मूल उचलावं तसा हलका व्हायचा. मूळ तुटता कामा नये. आमच्यात तेरड्याचं मूळ म्हणजे गौरीची पावलं. पावलांशिवाय ती माहेरी येणार कशी? ओल्या फडक्यात गुंडाळून काका अकरा घरी झाडं पोचवायचे.

त्यांची संयोगिता माझी मैत्रीण. लहानपणी आम्ही दोघी त्यांच्यामागून जायचो ते शेंगांसाठी. कच्ची शेंग कितीही दाबा, ढिम्म. पिकलेलीला नुसतं बोट लागलं की तडकन फुटून वळते आणि बी हात-दोन हात लांब उडतं. शेंगा धरलेली झाडं काका कधीच उपटत नसत. पावसाळा सरला की तेरडा मुळासकट वाळतो. पुढच्या साली उगवायचं ते बियांतूनच.

संयोगिताला सुरतेला दिली तेव्हा ती फार रडली. काका म्हणाले, "तेरडा बघ. आपलं बी आपल्या मुळाशी पडू देत नाही. तिथं दाटी होते, खुरटतं. लांब पडलं की वाढतं." मांडवातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, त्याचा आज राग येतो.

तीन वर्षांपूर्वी गौरींच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. मी तिथेच होते, फोन स्पीकरवर. तिच्या बोलण्यात आता सुरतेची गुजराती मिसळायची.

"बाबा, चार दिवस ताप उतरत नाही. इथे सणाची गडबड, कुणाला सांगू? घरी येऊ ने?"

"सणाला सुनेनं घर सोडायचं नसतं," काका म्हणाले. "गौरी उठल्या की ये. मी स्वतः न्यायला येतो."

"सारू, बाबा. बरं."

डेंग्यू होता. गौरीपूजनाच्या दुपारी ती गेली. काकांकडे पुरणाचा स्वयंपाक तसाच पडून राहिला आणि पाटावर मुळांसकट आणलेली गौर. मी त्या फोनबद्दल त्यांना आजवर काही बोलले नाही. कोणत्या तोंडानं बोलणार? फोन चालू होता तेव्हा मीही गप्पच होते.

त्यानंतर काकांनी तेरडा उपटला नाही. गल्ली आता बाजारातून मुखवटे आणते. यंदा मात्र आवाहनाच्या सकाळी ते दारात उभे. "मंदा, हरणीला सोडतेस? गुडघे चालत नाहीत." गौर आणायची असेल असं वाटून मी आनंदानं स्कूटर काढली.

ते अर्धं रान सोसायटीत गेलंय. उरलेल्यात तेरडा गुडघ्याएवढा, गुलाबी. काका एका झाडाशी बसले. फुगलेली शेंग त्यांनी मुठीत झाकली आणि मगच दाबली. एकही बी उडू दिलं नाही. मूठ त्याच झाडाच्या मुळाशी नेऊन उघडली, वर माती सारली आणि दुसरी शेंग धरली.

"काका, तिथं दाटी होईल," मी म्हणाले. "खुरटतील. तुम्हीच सांगायचात ना?"

त्यांनी वर पाहिलं नाही.

"राहू दे आईपाशी," ते म्हणाले. "लांब पडून तरी कुठं जगली?"