अंगठ्याखालचा खटका

ये, अशी जवळ बस. मस्कतहून आलीस की शेजारच्या म्हाताऱ्याला ‘बंदूकवाला’ म्हणून हसतेस, हे शोभत नाही हो तुला.

इथं ओमानात, आपल्या निझव्यात शुक्रवारी सकाळी बाजारात बंदुकांची अदलाबदल चालते. तो आपलं नवं पिस्तूल जुन्याशी बदलायला घेऊन जायचा आणि न बदलता तसंच परत आणायचा. जुन्या प्रकाराच्या पिस्तुलाला गोळी अडवणारा खटका असतो, अगदी अंगठ्याखाली. नव्याला तो नाही. पण त्याचा अंगठा सारखा तोच शोधायचा, चहाचा कप धरतानासुद्धा. एकदा आपल्या मोडक्या हिंदीत मला म्हणाला,

“अम्मा, मैं सब भूलता, ये अंगूठा नहीं भूलता. घर में बच्चे हैं. बदल दूँ?”

“बदल दो, बाबा,” मी म्हटलं.

परवाच्या शुक्रवारी बदललंन एकदाचं. दाराशी बसून मला दाखवत होता. अंगठा बरोबर खटक्यावर गेला आणि तिथंच थांबला. वर केला की बंद होतो, का खाली केला की, त्याला आठवेचना. मग पिस्तूल कापडात गुंडाळून मुलाच्या हातात दिलं आणि म्हणाला, “खलास, अम्मा.”

मी चहा टाकायला आत आले, तर आमचा गॅस सकाळपासून तसाच पेटलेला. मस्कत काही लांब नाही गं. परत लवकर ये.